तपासणीच्या चादरी

आमच्या घरात एकच चांगली चादर होती, आणि ती वापरायची नव्हती.

बाबा वसईत रोजंदारीवर नारळ पाडायचे. आज या वाडीत, उद्या त्या वाडीत. मी सातवीत असताना ते एका माडावरून पडले आणि कमरेखालचं अंग गेलं. वाडीच्या मालकाने त्यांना दवाखान्यात नेऊन सोडलं आणि त्यानंतर आमच्या दारात पाऊल टाकलं नाही. आई दुसऱ्यांच्या वाडीत खुरपायला जायला लागली. थोरल्या भावाने शाळा सोडली आणि बांधकामावर गेला. माझी शाळा वाचली, कारण बाबा खाटेवरून ओरडायचे, "हिला शाळेतून काढलीत तर मी जेवणार नाही." नसतेच जेवले. तेवढा एकच हट्ट त्यांच्या हातात उरला होता.

त्यांना लघवीचं भान नव्हतं. अंगाखाली आईचं जुनं लुगडं घालायचो. एक अंगाखाली, एक दोरीवर. अंगाखालचं भिजलं आणि दोरीवरचं वाळलं नसलं की बाबा ओल्यातच पडून राहायचे. पावसाळ्यात लुगडी चुलीपाशी वाळवायची. त्यांना धूर आणि मूत यांचा मिळून असा वास यायचा की शेजारची माणसं ओटीवर न चढता अंगणातूनच विचारपूस करून जायची.

आणि ट्रंकेत, डांबराच्या गोळ्यांमध्ये, ती पांढरी चादर होती. जाड, काठाला विणीची नक्षी असलेली. आईला तिच्या मावशीने लग्नात दिलेली. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद द्यायला घरोघर यायचे. त्या सकाळी आई ती चादर काढायची. भाऊ आणि मी बाबांना उचलून धरायचो, आई त्यांना पुसून काढायची, चादर ताणून घालायची, स्टुलावर मेणबत्ती आणि वाडीतली दोन फुलं. फादर यायचे, प्रार्थना व्हायची. जाताना ते म्हणायचे, "किती नीटनेटकं ठेवलंय तुम्ही यांना." आईच्या चेहऱ्यावर महिनाभरात तेवढंच हसू यायचं.

फादरची स्कूटर वळणावर दिसेनाशी झाली की आई म्हणायची, "उचला."

एकदा बाबा म्हणाले, "राहू दे ना गं आजच्या दिवस. गार वाटतं पाठीला."

"खराब होईल. पुढच्या महिन्यात काय घालू? फादरना काय वाटेल?"

बाबांनी आमच्या खांद्यांवर हात टाकले. आम्ही उचललं. लुगडं परत खाली गेलं.

बाबा गेले ते पाठीच्या जखमेने. त्यांना पेटीत ठेवताना आईने खाली ती पांढरी चादर घातली, आणि त्या वेळेस मात्र ती परत काढली नाही. मला रडू आलं नाही. मला राग आला. अजून आहे. आईचा राग म्हणावं तर तसंही नाही; गावात सगळ्यांच्याच ट्रंकेत एकेक चादर होती. चांगली वस्तू आपल्या माणसासाठी नसते, बघायला येणाऱ्यासाठी असते, हे सगळ्यांना इतकं ठाऊक होतं की कोणी मोठ्याने बोलूनही दाखवत नव्हतं. मला त्या गोष्टीचा राग आला.

मी बी.कॉम. झाले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. हे मी न विचारता सांगते, आणि कोणाला ते फुशारकीचं वाटत असेल तर वाटू दे. ज्यांच्या घरी आजोबाही वकील होते त्यांनी डिग्रीबद्दल नम्र असावं, त्यांना परवडतं. मी दुबईत आले ती हॉटेलच्या लिनन रूममध्ये. चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे येतात किती, जातात किती, फाटतात किती, एवढंच काम. लोक हसायचे. "बी.कॉम. करून चादरी मोजतेस?" मी म्हणायचे, "हो, आणि माझ्या चादरी कधी कमी पडत नाहीत. तुमच्या ऑफिसात तर प्रिंटरला कागद नसतो." पुढे लग्न झालं, मुलगी झाली, हॉटेलच्या शिफ्ट झेपेनात. तेव्हा अल बर्शाच्या मागच्या बाजूला, व्हिलांच्या भागात, एका खाजगी नर्सिंग होममध्ये लिनन सुपरवायझरची जागा मिळाली. दिवसाची ड्यूटी. राहायला आम्ही शारजात, अल नहदाला. कंपनीची व्हॅन सकाळी न्यायची.

म्हाताऱ्या माणसांचं नर्सिंग होम. खालच्या मजल्यावर हिंडतीफिरती माणसं, वरच्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेली. बाहेरून बघाल तर हॉटेलच. संगमरवरी पायऱ्या, दारात खजुराची झाडं, रिसेप्शनवर उदाचा सुगंध आणि ताटात खजूर. मी वर गेले आणि जिना चढतानाच मला तो वास आला. धूर नव्हता फक्त.

वरच्या मजल्यावरच्या चादरी इतक्या विरल्या होत्या की वर धरल्या तर पलीकडचा उजेड दिसायचा. आणि त्याही पुरत नव्हत्या. लाँड्री बाहेरची. त्यांची गाडी सकाळी मळकं घेऊन जायची आणि दुसऱ्या दिवशी धुतलेलं आणायची, तेही रस्त्यात ट्रॅफिक नसेल आणि ड्रायव्हरच्या मनात असेल तर. आता साधा हिशेब आहे, त्याला बी.कॉम. लागत नाही. एक चादर अंगाखाली, एक धुवायला, एक कपाटात घडी करून. आणि जिथे माणसं अंथरुणात भिजतात तिथे त्यावर अजून एक. इथे अंगाखालची एक आणि धुवायला गेलेली एक. कपाटात हवा.

पहिल्याच आठवड्यात मला दुसरी गोष्ट सापडली. एका रिकाम्या खोलीत गादी उलटायला गेले तर खाली चादरी. बाथरूममधल्या टबात, प्लास्टिकच्या पिशवीखाली, चादरी. व्हीलचेअरांच्या मागे, औषधांच्या ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात, एका नर्सच्या स्वतःच्या लॉकरमध्ये तिच्या जेवणाच्या डब्याशेजारी. प्रत्येक नर्सने आपापल्या पेशंटसाठी दडवून ठेवलेल्या. ज्या पेशंटची नर्स चलाख त्याला कोरडी चादर, ज्याची नर्स नवीन किंवा भोळी तो ओल्यात.

मी वरच्या मजल्याच्या हेड नर्सकडे गेले. केरळची बाई, माझ्यापेक्षा वयाने मोठी, सगळे तिला नुसतं सिस्टर म्हणायचे.

"सिस्टर, ये क्या है? चोरी है ये."

तिने चष्म्यावरून पाहिलं. "मॅडम, आप कॉलेज पढ़ा है. बहुत अच्छा. मेरे को रात में चार बार चादर बदलना है. पहले चादर दो, बाद में लेक्चर दो."

मी चिडले. तीही चिडली. आम्ही दोघी कॉरिडॉरमध्ये भांडलो आणि मजल्यावरच्या यच्चयावत नर्सांची करमणूक झाली. पण ती खरं बोलत होती आणि मला ते दिसत होतं. चादर मिळेल याची खात्री नाही म्हणून दडवायची, आणि दडवली म्हणून दुसऱ्याला मिळायची नाही, मग त्यानेही दडवायची.

त्या मजल्यावर कोपऱ्याच्या खोलीत एक इमाराती, म्हणजे इथल्याच मूळच्या, आजी होत्या. सगळे त्यांना यम्मा म्हणायचे. इथल्या जुन्या पिढीतल्या पुष्कळांना येतं तसं मोडकंतोडकं हिंदी त्यांना यायचं, लहानपणी मुंबईच्या व्यापाऱ्यांकडून शिकलेलं. कंबरेचं हाड मोडलं तेव्हापासून अंथरुणात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी अंगाखालच्या चादरीचं टोक चिमटीत धरून मला दाखवलं.

"ए बेटी. तुम नया है? ये चादर है या मछली का जाल?"

मी ते टोक बोटांत धरून पाहिलं.

"मेरा बाप जाल बनाता था," त्या म्हणाल्या. "उसका जाल इससे मोटा था." आणि हसल्या. दात दोनच, पण हसणं खणखणीत.

सिस्टरने त्यांना कुशीवर वळवलं. कमरेच्या खाली, माकडहाडावर, कातडी लाल झाली होती. बोट दाबून काढलं तरी पांढरी पडत नव्हती. सिस्टर मला म्हणाली, "देख लिया? अभी खुला नहीं है. सूखा रखो तो बच जाएगा. गीला रखो तो खुलेगा. फिर हड्डी तक जाएगा. फिर..." पुढचं तिने सांगितलं नाही. पुढचं मला माहीत होतं.

मी ऑपरेशन्स मॅनेजरकडे गेले. हे साहेब आपलेच, डोंबिवलीचे. मी आले त्या दिवशी त्यांना कोण आनंद झाला होता. "वा, वा, मराठी माणूस! चला, आता कोणाशी तरी धड बोलता येईल." टेबलावर छोटा गणपती, गणेशोत्सवाच्या कमिटीतला फोटो. माणूस वाईट नव्हता. वाईट माणसावर राग काढून मोकळं होता येतं.

"सर, वरच्या मजल्याला चादरी हव्यात. आत्ता हव्यात."

"आहेत की मॅडम!"

"कुठे?"

ते उठले, खिशातली किल्ली काढली आणि मला स्टोअरमध्ये घेऊन गेले. दार उघडलं. मी बघतच राहिले. जमिनीपासून छतापर्यंत चादरी. जाड, पांढऱ्या, काठाला संस्थेचं चिन्ह विणलेलं, प्लास्टिक अजून न फोडलेलं. अभ्रे, कमरेखाली घालायच्या आडव्या चादरी, ब्लँकेटं. वरच्या मजल्याला तीनदा पुरून उरतील एवढं.

"इंपोर्टेड," ते म्हणाले. त्यांनी एकीवरून हात फिरवला. "एकेक साठ दिरहमची. म्हणजे चौदाशे रुपये, हो!"

"मग वर का नाहीत?"

"वर?" त्यांना खरंच नवल वाटलं. "वर रोज वापरल्या तर महिन्याभरात वाट लागेल. तपासणीला लोक येतात, पेशंटच्या घरचे बडे लोक येतात. त्या दिवशी काय घालणार? ती जाळी?"

मी म्हटलं, "सर, तपासणीचे लोक त्या चादरीवर झोपतात का?"

ते हसले. "तुम्ही मजेशीर आहात." आणि कुलूप लावलं.

त्यानंतर मी मागत राहिले. ते "बघू" म्हणत राहिले. "ऑर्डर टाकलीय." "इन्शाल्ला, पुढच्या महिन्यात." मराठी माणूस "नाही" म्हणायचं टाळायला "इन्शाल्ला" म्हणायला लागला की समजावं, तो आता इथे मुरला. दडवलेल्या चादरी शोधून मी यम्मांच्या मजल्यावर वाटत फिरत होते, आणि नर्सा मला बघितलं की गादीवर बसून राहायच्या. एके दिवशी सिस्टर काही न बोलता माझा हात धरून मला कोपऱ्याच्या खोलीत घेऊन गेली. लाल जागा फुटली होती.

आणि मग तपासणीचा दिवस आला.

आदल्या संध्याकाळी साहेबांनी स्वतः किल्ली दिली. पहाटेपासून आम्ही वरच्या मजल्यावर चादरी घालत होतो. हाउसकीपिंगच्या मुली, नर्सा, मी. नव्या कापडाचा तो कोरा वास. यम्मांच्या खाली चादर गेली तेव्हा त्यांनी दोन्ही तळवे तिच्यावरून फिरवले. "अल्लाह," म्हणाल्या. "शादी है किसका?"

तपासणीचे लोक आले, फिरले, कागदांवर टिकमार्क करून, खजूर आणि गावा, म्हणजे अरबी कॉफी, घेऊन गेले. सगळं छान. त्यांची गाडी फाटकाबाहेर पडली असेल नसेल, वॉट्सअ‍ॅपवर साहेबांचा मेसेज आला: सर्व नवीन लिनन काढून स्टोअरमध्ये जमा करणे. जुने घालणे.

मी वर गेले तेव्हा एका हाउसकीपिंगच्या मुलीने यम्मांच्या खोलीत जुन्या चादरी आणून ठेवल्या होत्या. नर्सने त्यांना कुशीवर वळवायला हात घातला. पाठीला पट्टी. यम्मा कळवळल्या. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि अगदी शांतपणे विचारलं, "क्यों निकालता है? मेहमान गया?"

मी नर्सला म्हटलं, "हाथ हटाओ. कोई कुछ नहीं निकालेगा."

"मॅडम, सर बोला है," ती मुलगी घाबरून म्हणाली.

"सर को मैं बोलूँगी. जाओ, सबको बोलो. एक भी चादर नीचे नहीं जाएगा."

साहेब दुपारनंतर वर आले. आधी हसत.

"काय मॅडम, चादरी खाली आल्या नाहीत अजून?"

"येणार नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे जिथे आहेत तिथे राहणार. माणसांच्या अंगाखाली."

"अहो, असं काय करता?" ते माझी समजूत काढायला लागले. "आपल्या घरी नाही का आपण चांगला टी-सेट पाहुण्यांसाठी ठेवत? रोज त्यात चहा पितो का? तसंच आहे हे."

"टी-सेटला पाठ नसते, सर."

मग ते म्हणाले, "बरं. त्या कोपऱ्यातल्या आजीची राहू दे. बाकीच्या काढा."

"बाकीच्यांच्या पाठी काय लाकडाच्या आहेत?"

"आवाज खाली! लोक बघताहेत."

"बघू देत. मराठीत कळत नसेल त्यांना, थांबा." आणि मी हिंदीत सुरू झाले. मुद्दाम. आमच्या खिडक्यांच्या काचा हलतील एवढ्या आवाजात. मी म्हटलं, नीचे स्टोर भरा पड़ा है. प्लास्टिक भी नहीं फाड़ा. और यहाँ ये औरत की पीठ फट गयी. मैंने सुबह से अपने हाथ से चादर डाली है, और इन साब को अब वापस चाहिए, क्योंकि देखने वाला चला गया. कॉरिडॉरमध्ये सगळी माणसं जागच्या जागी थांबली. सिस्टर दारात उभी होती, हातात औषधाचा ट्रे.

साहेबांचा चेहरा लाल झाला. ते मराठीत, दातांतून म्हणाले, "आपली बाई म्हणून मी तुमचा सीव्ही पुढे केला होता."

"माझा सीव्ही माझ्या डिग्रीने पुढे गेला. तुमच्या गावाने नाही."

"मी वर रिपोर्ट करणार."

"करा. स्पेलिंग बघून करा."

हे शेवटचं मी बोलायला नको होतं असं माझा नवरा म्हणतो. मला अजूनही ते वाक्य आवडतं.

घरी गेले तर नवरा डोकं धरून बसला. "अगं, व्हिसा त्यांच्या हातात आहे. पोरीची शाळा आहे. तू घरी आहेस का वसईत, भांडायला?" मुलगी आयपॅडवरून मान वर न करता म्हणाली, "मम्मा, इट्स जस्ट बेडशीट्स." मी तिच्यावर ओरडले नाही. तिच्या खाली कधी ओली चादर राहिलेली नाही, आणि ती तशी राहिलेली नाही याच्यासाठीच मी इथे आले आहे. मी फक्त म्हटलं, "हो, बेडशीट्सच."

दुसऱ्या दिवशी साहेबांचा रिपोर्ट जायच्या आत मी मेडिकल डायरेक्टरना गाठलं. इजिप्तच्या डॉक्टरीणबाई, सकाळचा राउंड घ्यायच्या, मोजकं बोलायच्या. मी कागद नेला नाही, तक्रार लिहिली नाही. म्हटलं, "डॉक्टर, दोन गोष्टी दाखवायच्या आहेत." आधी यम्मांची पाठ. सिस्टरने पट्टी सोडून दाखवली. मग स्टोअर. साहेब किल्ली घेऊन धावत आले आणि म्हणाले, "डॉक्टर, आय कॅन एक्सप्लेन."

"यल्ला, ओपन," त्या म्हणाल्या.

दार उघडलं. त्या आत गेल्या आणि न फोडलेल्या प्लास्टिकवरून बोट फिरवलं. त्यांना प्रत्येक मीटिंगमध्ये सांगितलं गेलं होतं की चादरींची ऑर्डर गेली आहे. त्यांनी साहेबांच्या हातातली किल्ली घेतली आणि माझ्या हातात ठेवली. "खलास. नाउ यू आर रिस्पॉन्सिबल." मला वाटलं, जिंकलो.

कसलं जिंकलो! मी त्याच दिवशी नव्या चादरींचे गठ्ठे वर आणले आणि मजल्यावरची कपाटं गच्च भरली. म्हटलं, घ्या, कितीही घ्या, कोणी विचारणार नाही. दोन दिवसांत कपाटं रिकामी. तिसऱ्या दिवशी एक म्हातारा पुन्हा ओल्यात पडलेला सापडला. नव्या चादरीसुद्धा दडवल्या गेल्या होत्या! गाद्यांखाली, टबात, लॉकरमध्ये.

पँट्रीत साहेब चहा ढवळत होते. "काय मॅडम? कुठे गेल्या सगळ्या? पाय फुटले? म्हणून मी कुलूप लावत होतो."

मला त्यांचा राग आला, पण त्यापेक्षा जास्त वरच्या बायकांचा आला. ज्यांच्यासाठी मी नोकरी पणाला लावली त्याच बायका! मी तडक सिस्टरकडे गेले.

"सिस्टर, शरम नहीं आती? अब तो मिल रहा है ना सबको?"

सिस्टर शांतपणे म्हणाली, "मॅडम, आपके पहले भी एक आया था. वो भी बोला, जितना चाहिए लो. फिर एक दिन ताला लगाया. तुम भी लगाएगा. सब लगाते हैं."

मी खाली गेले, मेंटेनन्सच्या माणसाला ड्रिल घेऊन बोलावलं आणि वरच्या मजल्यावरच्या चादरींच्या कपाटांची दारं काढायला लावली. बिजागऱ्यांसकट. तो विचारत होता, "मॅडम, कहाँ रखूँ?" मी म्हटलं, "कचरे में." ती दारं जिन्यावरून खाली नेताना भिंतीला आपटत, दणदणत गेली आणि वरच्या सगळ्या नर्सा बाहेर येऊन बघत राहिल्या. मी सिस्टरला म्हटलं, "अब बताओ, ताला किधर लगाऊँगी?"

ती हसली नाही. पण तिने पाहिलं.

त्यानंतर मी एकच काम केलं. भरत राहिले. कपाट रिकामं झालं की भरायचं. दडवलेली दिसली तरी उचलायची नाही, विचारायचं नाही, फक्त कपाट भरायचं. लाँड्रीच्या ड्रायव्हरशी भांडून गाडी वेळेवर आणवली. स्टोअरमधला साठा उतरत चालला. साहेब रोज दारातून डोकावून "किती उरल्या?" विचारायचे, आणि मी रोज "पुरेशा" म्हणायचे. खरं सांगायचं तर घरी जायच्या आधी मी उरलेल्या चादरी दोनदा मोजायचे. अजून थोड्या दिवसांत मागचा कोपरा दिसायला लागला असता, आणि मग ते बरोबर ठरले असते, मी नाही.

मग एका सकाळी मी वर गेले आणि कपाटात मी आदल्या दिवशी ठेवल्या त्यापेक्षा जास्त चादरी होत्या. मला वाटलं माझी चूक झाली. दुसऱ्या दिवशीही तसंच. आडव्या चादरींच्या घड्यांवर गादीच्या शिवणीचे वळ उमटले होते. त्या गाद्यांखालून बाहेर आल्या होत्या. सिस्टर माझ्या मागून जात म्हणाली, "घर में जब डब्बे में चावल रोज़ दिखता है ना मॅडम, तब कोई बिस्तर के नीचे नहीं छुपाता." आणि औषधं द्यायला निघून गेली.

यम्मांची जखम भरायला पुष्कळ वेळ लागला. ओली झाली की लगेच बदल, दर थोड्या वेळाने कूस बदल, पट्टी. रात्रीच्या नर्साही आता बिनधास्त बदलायच्या, उद्याला उरेल का याचा विचार न करता. यम्मांचा मुलगा भेटायला यायचा. त्याने चादरींबद्दल कधी एक शब्द काढला नाही. त्याला त्या दिसल्याच नसतील. मला त्याचंही समाधान आहे. चादर कोणाला दिसू नये इतकी ती रोजची झाली होती.

साहेबांची बदली दुसऱ्या ब्रँचला झाली. जाताना त्यांनी मला केक दिला आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही जरा जास्तच करता." मी केक घेतला. माफ केलं असं मात्र म्हणणार नाही. ज्यांच्या पाठी त्यांच्या कुलपापायी फुटल्या, माफ करायचं असेल तर त्यांनी करावं, आणि त्यांतले बरेच जण आता नाहीत.

मला आता लिनन मॅनेजर म्हणतात. पण मी इथे मिळवलं ते एवढंच: यम्मांची पाठ भरून आली, नवी कातडी आली, आणि आमच्या वरच्या मजल्यावर कोणत्याही वेळी, कोणत्याही दिवशी, कोणीही तपासायला येवो न येवो, माणूस भिजला की त्याच्या अंगाखाली लगेच कोरडी चादर जाते.